लेन्स लावून झोपलं की कॉर्नियाचं काय होतं?

हिंजवडीची रात्रपाळी संपवून पहाटे घरी आलं की लेन्स काढायचाही कंटाळा येतो. ‘एका झोपेनं काय होतंय?’ म्हणत माणूस तसाच आडवा होतो.

कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्यात रक्तवाहिन्या नसतात. असत्या तर आरपार दिसलंच नसतं. त्यामुळे त्याला प्राणवायू मिळतो तो मुख्यतः हवेतून, अश्रूंत विरघळून. डोळे मिटले की पापणीच्या आतल्या रक्तवाहिन्यांतून झिरपेल तेवढ्यावरच भागवायचं. म्हणून लेन्स न लावणाऱ्याचा कॉर्नियाही झोपेत 3-4 टक्के सुजतो आणि जाग आल्यावर ओसरतो.

मध्ये लेन्स आली की टंचाई वाढते. पेशी साखर अर्धवट जाळतात, लॅक्टिक आम्ल साचतं आणि ते पाणी ओढून घेतं. मग सकाळी धूसर दिसतं, दिव्यांभोवती वलयं दिसतात. हे पाणी उपसायचं काम कॉर्नियाच्या सर्वांत आतल्या, एकेरी पेशींच्या थराकडे असतं. या पेशी एकदा गेल्या की त्यांच्या जागी नव्या येत नाहीत. शेजारणी पसरून जागा भरतात. वर्षानुवर्षं प्राणवायू कमी पडला की त्यांचे आकार लहानमोठे, वेडेवाकडे होतात आणि कडेनं रक्तवाहिन्या आत शिरू लागतात.

चेक रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्तर्ले यांनी 1961च्या नाताळात, मुलांच्या खेळण्याच्या सुट्या भागांतून घरीच यंत्र जुळवून मऊ लेन्स घडवल्या. (जुगाड काही आपलीच मक्तेदारी नाही!) त्या लेन्सच्या हायड्रोजेलमधून, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ प्लास्टिकमधून, प्राणवायू जायचा तो त्यातल्या पाण्यावाटे, म्हणजे बेताचाच. आताच्या सिलिकॉन हायड्रोजेलमधून तो भरपूर जातो, सूज खूपच कमी येते. पण लेन्स लावून झोपल्यानं जंतुसंसर्गाचा धोका कित्येक पटींनी वाढतो, तो या लेन्सनंही टळलेला नाही.

त्यात नळाचं पाणी. महापालिकेचं असो की टँकरचं, त्यात अकँथामिबा हा कॉर्नियाला संसर्ग करणारा सूक्ष्मजीव असू शकतो. कवच धारण केलेल्या या जिवाला क्लोरीन सहजी मारत नाही. लेन्सची डबी बेसिनच्या नळाखाली खळखळून धुणं हा स्वच्छतेचा प्रकार नव्हे. तिथं लेन्सचं सोल्यूशनच हवं, तेही रोज ताजं.

‘मला तर काही टोचत नाही’ यावरही विसंबू नये, कारण लेन्सच्या सवयीनं कॉर्नियाची संवेदना बोथट होऊ शकते. डोळा लाल झाला, दुखला किंवा उजेड सहन होईना, तर लेन्स काढून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. लेन्स आणि डबी फेकू नये, सोबत न्यावी. जंतू कोणता, हे कधीकधी त्यावरूनच कळतं.