चाळिशीनंतर डोक्यात शिरत नाही?

'चाळिशी उलटली की मेंदू नवं काही शिकत नाही,' हा संदेश इंदूरच्या मराठी घरांत वर्षानुवर्षं फिरतो आहे. रामबागेतल्या एका काकूंनी त्याच धास्तीने बी.ए.चा अर्ज अर्धवट सोडला, म्हणून हा खुलासा.

वेग मंदावतो, हे खरं. नवी नावं, आकडे झटकन लक्षात ठेवणं वयानुसार जड जातं. पण शिकणं थांबत नाही. लंडनमध्ये टॅक्सीच्या परवान्यासाठी सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. त्या तयारीत तीन-चार वर्षं जातात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा उमेदवारांच्या मेंदूचे स्कॅन आधी आणि नंतर काढले. उत्तीर्ण झालेल्यांमध्ये स्मरणाशी निगडित भाग वाढलेला दिसला. आणि हे सगळे प्रौढ होते!

मला वाटतं, गोंधळ सरकारी नोकरीच्या वयोमर्यादेमुळे होतो. ती मर्यादा असतेच, करिअर बदलताना ती आधी पाहावी. मात्र ती शिक्षणाला लागू नाही. मुक्त शिक्षणातल्या बहुतेक पदवी अभ्यासक्रमांना वरचं वय नसतं; वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचीही कमाल वयाची अट २०२२ मध्ये निघाली. माहितीपत्रकातलं 'पात्रता' हे पान स्वतः वाचा.

मेंदूची परीक्षा घरीच घ्या. होळकरांचं दप्तर ज्या मोडीत लिहिलं गेलं, ती लिपी रोज पंधरा मिनिटं गिरवा. पहिल्या दिवशी एक ओळ वाचायला किती वेळ लागला ते वहीत टिपा, महिन्याने पुन्हा टिपा. काकूंनी वही आणली आहे.