मॉश पिट आणि चेंगराचेंगरी: गल्लत कुठे होते
हेवी मेटलच्या कॉन्सर्टमध्ये कुणी दगावलं की मॉश पिटवर, म्हणजे स्टेजसमोर प्रेक्षक एकमेकांवर आदळत नाचतात त्या जागेवर, खापर फुटतं. पिटचा इतिहास आणि कॉन्सर्टमधल्या मृत्यूंचा इतिहास शेजारी ठेवून पाहिले, तर हे खापर बहुतेकदा चुकीच्या डोक्यावर फुटलेलं दिसतं.

लंडनच्या पंक रॉकच्या प्रेक्षकांत १९७६ च्या सुमारास पोगो हा नाच आला. गर्दीत जागच्या जागी उड्या मारायच्या, एवढंच. १९८० च्या आसपास दक्षिण कॅलिफोर्नियातल्या हार्डकोर, म्हणजे आणखी वेगवान आणि आक्रमक पंकच्या पोरांनी त्याला धार आणली. उड्या मागे पडल्या आणि कोपरं फिरवत एकमेकांच्या अंगावर जाणं सुरू झालं. तेव्हा त्याला स्लॅम डान्सिंग म्हणत; मॉशिंग हे नाव नंतरचं. ३१ ऑक्टोबर १९८१ ला ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ या अमेरिकी कार्यक्रमात ‘फिअर’ हा बँड वाजला. नट जॉन बेलुशीने त्यांच्यासाठी आग्रह धरला होता. पंक गायक इयन मॅकाय आणि त्याचे वॉशिंग्टनचे दोस्त स्टुडिओत एकमेकांवर आदळले, आणि अमेरिकेने हा प्रकार घरबसल्या पाहिला. पुढे थ्रॅश मेटलने, म्हणजे हेवी मेटलच्या वेगवान प्रकाराने, तो उचलला. १९८७ मध्ये ‘अँथ्रॅक्स’ या बँडने तर त्यावर गाणंच केलं.

बाहेरून पाहणाऱ्याला ही मारामारी वाटते. आत मात्र न लिहिलेले नियम चालतात. कुणी पडला की आजूबाजूचे त्याला काखेत हात घालून उभा करतात. कुणी बुटाची नाडी बांधायला वाकला तर बाकीचे भोवती कडं करतात. सापडलेला बूट हात उंच करून दाखवला जातो. नियम मोडणारेही असतातच, आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष करू नये. खुद्द मॅकाय पुढे ‘फुगाझी’ बँडमध्ये असताना गाणं थांबवून दांडगटांना समज द्यायचा, आणि ऐकलं नाही तर तिकिटाचे पैसे परत करून बाहेर काढायचा.

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी कॉन्सर्टचे व्हिडिओ तपासले. पिटमधली माणसं वायूच्या रेणूंसारखी हलतात, असं त्यांना आढळलं. म्हणजे पिटला मोकळी जागा लागते. माणसं मरतात ती जागाच उरत नाही तिथे.

चौरस मीटरमध्ये सहा-सातजण कोंबले गेले की माणसाचा स्वतःच्या पावलांवर ताबा राहत नाही. मागून आलेला रेटा लाटेसारखा पुढे जातो, छाती फुगत नाही आणि उभ्या उभ्या श्वास कोंडतो. ३ डिसेंबर १९७९ ला अमेरिकेतल्या सिनसिनाटीत ‘द हू’ या रॉक बँडच्या कार्यक्रमाआधी ११ जण गेले, तेही दाराबाहेर. जागा राखीव नव्हत्या आणि उघडलेली दारं मोजकीच होती. २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २३ जीव गेले. तिथे ना बँड होता ना पिट. अरुंद जागेत मावेनाशी झालेली गर्दी तेवढी होती.

कॉन्सर्टच्या जगाला खरा हादरा बसला ३० जून २००० ला, डेन्मार्कच्या रॉस्किल्ड महोत्सवात. ‘पर्ल जॅम’ हा बँड वाजत असताना स्टेजसमोरच्या ओल्या, निसरड्या जमिनीवर माणसं पडली आणि मागचा रेटा थांबला नाही. बँडचा गायक एडी व्हेडरने गाणं थांबवून लोकांना मागे सरकायला सांगितलं, पण तोवर उशीर झाला होता. नऊ तरुण गेले. त्यानंतर रॉस्किल्डने क्राउड सर्फिंगवर (गर्दीच्या डोक्यांवरून हातोहात पुढे सरकण्यावर) बंदी घातली, स्टेजसमोरची जागा बॅरिकेडने कप्प्यांत विभागली आणि प्रत्येक कप्प्यात ठरावीक माणसंच सोडायला सुरुवात केली. ‘मॉशिंगला मनाई’ अशी पाटी लावण्यापेक्षा हे कितीतरी मोलाचं काम होतं.