मृणालिनी मुखर्जी यांची शिल्पे

मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) या आधुनिक भारतीय शिल्पकार. ताग-सणाच्या दोराला हाताने गाठी मारत त्यांनी माणसाच्या उंचीची, कधी त्याहूनही मोठी शिल्पे उभी केली. पुढे त्यांनी भाजलेल्या मातीत आणि शेवटच्या टप्प्यात ब्राँझमध्ये काम केले. साहित्य दोनदा बदलले, पण झाड, फूल, देह आणि देवता यांतली सीमारेषा पुसून टाकणारा आकार त्या चाळीसेक वर्षे घडवत राहिल्या. विसाव्या शतकातल्या भारतीय शिल्पकलेत इतकी स्वतंत्र वाट काढणारे कलावंत फार थोडे आहेत.

त्यांचा जन्म मुंबईचा. वाढल्या मात्र डेहराडूनला, आणि सुट्ट्यांमध्ये शांतिनिकेतनला. वडील बिनोदबिहारी मुखर्जी हे शांतिनिकेतनच्या भित्तिचित्रपरंपरेतले थोर चित्रकार, तर आई लीला मुखर्जी लाकडात शिल्पे कोरत. १९५७ मध्ये डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर बिनोदबिहारींची दृष्टी पूर्ण गेली. मृणालिनी तेव्हा आठ वर्षांच्या होत्या. वडिलांनी काम थांबवले नाही. ते कागद कापून चित्रे करू लागले, हाताने चाचपून आकार घडवू लागले. १९७२ मध्ये त्यांनी शांतिनिकेतनच्या कलाशाळेच्या, म्हणजे कलाभवनाच्या भिंतीसाठी सिरॅमिक फरशांचे मोठे काम केले. बोटांनी पाहणारा बाप आणि लाकूड कोरणारी आई ज्या घरात आहेत, तिथल्या मुलीने स्पर्शातून वाढणारी कला निवडावी याचे नवल वाटत नाही.

१९६५ ते १९७२ या काळात त्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकल्या. आधी चित्रकला आणि नंतर के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली भित्तिचित्ररचना. सुब्रमण्यन हे स्वतः बिनोदबिहारींचे विद्यार्थी. अखिल भारतीय हातमाग मंडळातही त्यांनी काम केले होते. कुंभार, विणकर, खेळणी करणारे कारागीर यांची कला आणि चित्रशाळेतली कला यांत उच्चनीच असते हे त्यांना मान्य नव्हते. आसपास सहज मिळणाऱ्या वस्तूंतून काम करा, असा त्यांचा आग्रह असे. त्याच वातावरणात मृणालिनी यांच्या हाती बाजारातला साधा दोर आला. त्यांचे पहिले एकल प्रदर्शन १९७२ मध्ये दिल्लीत श्रीधराणी गॅलरीत भरले. पुढे त्या दिल्लीतच स्थायिक झाल्या.

ही शिल्पे कशी होतात हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण पहिल्या नजरेत ती विणलेली वाटतात. इथे माग नाही, सुई नाही, कापून शिवणेही नाही. जुन्या घरातले शिंकाळे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही रीत चटकन कळेल : दोर दोरावरून घ्यायचा, खालून ओढायचा, आवळायचा आणि पुढची गाठ घालायची. शिंकाळ्याच्या गाठी मोकळ्या असतात, त्यांच्यामधून पलीकडचे दिसते. मृणालिनी यांच्या शिल्पात गाठीला गाठ इतकी खेटून बसते की दोराचे दाट, खडबडीत कातडे तयार होते. या कातड्याला जागोजाग घड्या पडतात, ते ओठासारखे बाहेर वळते, पाकळीसारखे उलगडते, पोटासारखे फुगते. आत अनेकदा लोखंडी सांगाडा असतो, पण आकाराचा खरा भार गाठींवरच असतो. दोर कधी मूळच्या मातकट रंगात राहतो, कधी जांभळा, पिवळा, काळा असा गडद रंगवलेला असतो. त्या आधी रेखाटन करून घेत नसत. एक घडी पुढची सुचवी आणि शिल्प झाडासारखे वाढत जाई. एकेका मोठ्या शिल्पाला कित्येक महिने लागत, त्यामुळे दोराच्या कामांची एकूण संख्या फार नाही.

सुरुवातीची कामे भिंतीवर किंवा छताला टांगलेली असत. ‘नागदेवता’ (१९७९) याच काळातले. १९७८ च्या सुमारास ब्रिटिश कौन्सिलच्या शिष्यवृत्तीवर त्या इंग्लंडमध्ये शिल्पकलेच्या अभ्यासासाठी गेल्या होत्या. त्यानंतरच्या दशकात शिल्पे भिंतीपासून सुटत जमिनीवर आली, स्वतःच्या बळावर उभी राहिली, आणि इथेच त्यांची कला पूर्ण वयात आली असे म्हणावे लागेल. ‘ब्लॅक देवी’ (१९८०), ‘रुद्र’ (१९८२), ‘यक्षी’ (१९८४), ‘पक्षी’ (१९८५), ‘वनश्री’ (१९९४), ‘अरण्यानी’ (१९९६) ही नावे वाचली की मूर्तिशास्त्राची आठवण होते, पण यांतले एकही शिल्प कोणत्या ठरावीक मूर्तीची प्रतिकृती नाही. हातात आयुधे नाहीत, वाहन नाही, पूजेचा हेतूही नाही. अरुंद गाभाऱ्यात शिरल्यावर समोरच्या मूर्तीचे जे दडपण येते, तो अनुभव त्यांना मोलाचा वाटे. तो भक्तीशिवाय आणि पुराणकथेशिवाय उभा करता येतो, हे या शिल्पांनी सिद्ध केले.

‘जौबा’ (२०००) हे लंडनच्या टेट संग्रहातले शिल्प. बंगालीत जबा म्हणजे आपली जास्वंद. बंगालमध्ये ती कालीला वाहतात, आपल्याकडे गणपतीला. जास्वंदीचा बाहेर झेपावणारा केसरदांडा आणि खाली झुकणाऱ्या पाकळ्या ज्याने सकाळी परडीत पाहिल्या आहेत, त्याला हे शिल्प परके वाटणार नाही. फुलाचे फूलपण म्हणजे त्याची जननेंद्रिये, हे वनस्पतिशास्त्रातले साधे सत्य मृणालिनी संकोच न करता मोठे करून दाखवतात. त्यामुळे त्यांच्या कामाला कामुक म्हटले गेले आणि स्त्रीवादीही. पहिले विशेषण खरे आहे, पण अपुरे. दुसऱ्या शिक्क्यात त्यांनी स्वतःला कधी बसवून घेतले नाही.

दोराचे काम म्हणजे हस्तकला, शिल्प नव्हे, हा आक्षेप त्यांच्या वाट्याला बराच काळ आला. सत्तरच्या दशकात मॅक्रमे, म्हणजे दोराला गाठी मारून शोभेच्या वस्तू करणे, हा घरोघरी छंद झाला होता, कुंड्या टांगायच्या जाळ्या दिवाणखान्यात दिसत. त्या ओळखीमुळे गाठीतून शिल्प घडू शकते हे अनेकांना दिसले नाही. पाश्चात्त्य देशांत त्याच काळात पोलंडच्या माग्दालेना अबाकानोविच धाग्यांतून प्रचंड आकार घडवत होत्या. ही तुलना वारंवार केली जाते, परंतु मृणालिनी यांच्या रचनेतली समोरासमोरची भव्यता आणि दाट अलंकरण भारतीय मंदिरशिल्पाशी जास्त नाते सांगते. १९९४ मध्ये ऑक्सफर्डच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन झाले.

१९९६ मध्ये नेदरलँड्समधल्या युरोपीय सिरॅमिक केंद्रात त्यांनी मातीचे काम हाती घेतले. दोर लोंबतो, माती बसते. त्यामुळे आकार बुटके, घट्ट, जमिनीलगतचे झाले. हा टप्पा तुलनेने लहान आहे. त्याचे महत्त्व ब्राँझकडे नेणारी पायरी म्हणून अधिक.

२००० नंतरच्या दशकात त्या ब्राँझकडे वळल्या. मेणात आकार घडवायचा, त्यावर साचा चढवायचा, मेण वितळवून पोकळीत धातू ओतायचा, ही आपल्याकडची फार जुनी पद्धत त्यांनी वापरली. मेण बोटांनी दाबता, ताणता, दुमडता येते, म्हणून हातांची सवय मोडली नाही. ‘पामस्केप’ मालिकेतली शिल्पे ताडा-माडाच्या गळून पडलेल्या झावळीची आठवण देतात : जाड देठ, फाटत गेलेल्या पात्या, सालीवरच्या शिरा. ती उभी राहत नाहीत, जमिनीवर पसरतात. दोराच्या देवतांपुढे ही कामे झाकोळली गेली आहेत, आणि हा अन्याय आहे. वाळलेल्या पानाचा चुरचुरीतपणा जड धातूत उतरवणे सोपे नव्हे.

जानेवारी २०१५ च्या अखेरीस दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात पीटर नागी यांनी संयोजित केलेले त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन सुरू झाले. त्याच्या तयारीत त्या शेवटपर्यंत गुंतल्या होत्या. उद्घाटनाच्या सुमारासच त्या आजारी पडल्या आणि फेब्रुवारीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांचे निधन झाले. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर संग्रहालयात शनय झवेरी यांनी त्यांचे मोठे प्रदर्शन मांडले, आणि २०२२ च्या व्हेनिस बिएनाले या दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कलामेळाव्याच्या मुख्य प्रदर्शनातही त्यांची शिल्पे होती. तागाचा रंग उजेडात विटतो, दोर वर्षानुवर्षे स्वतःच्या वजनाने खाली सरकतो. त्यामुळे ही शिल्पे जपणे म्हणजे त्यांच्यावरचा उजेड मोजून ठेवणे, आणि नव्या जागी मांडताना प्रत्येक घडी पुन्हा हाताने बसवणे.