विहिरीवरच्या मोटारीपासून संगणकाच्या बोर्डापर्यंत : खान्देशातील जुन्या यंत्रांची पार्श्वभूमी

खान्देशात जुने संगणक आणि मोबाइल यांचे काय करायचे, हा प्रश्न नवा वाटतो. पण तो सोडवणारे हात इथे संगणक येण्याच्या कितीतरी आधी तयार झाले होते, आणि ते विहिरीवरच्या मोटारींनी तयार केले. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. पुढच्या दोन-तीन दशकांत तापी, गिरणा, पांझरा यांच्या खोऱ्यांतल्या गावांत वीज गेली आणि ऑइल इंजिनांच्या जागी विजेचे पंप बसले. दाब कमी-जास्त होई, एखादी फेज जाई, शेतकरी पिकाला पाणी द्यायच्या घाईत तशीच मोटार चालवी आणि ती जळे. त्यामुळे चोपडा, पाचोरा, शिरपूर, शहादा अशा प्रत्येक तालुक्याच्या गावी वाइंडिंगची दुकाने उभी राहिली.

या दुकानांचा व्यवहार नीट पाहण्यासारखा आहे. जळालेली तार कापून बाहेर काढायची, काट्यावर तिचे वजन करायचे, जुन्या तांब्याची किंमत बिलातून वजा करायची आणि नवी तार भरायची. बॉडी तीच, स्टॅम्पिंग म्हणजे आतल्या लोखंडी पत्र्यांचा गाभा तोच, शाफ्ट तोच. बेअरिंग गेले असेल तेवढे बदलायचे. शेतकऱ्याला पैसे कमी पडतात, मोटार वर्षानुवर्षे चालते आणि तांबे पुन्हा बाजारात जाते. वस्तू परत वापरणे, तिचा भाग बदलणे आणि उरलेला धातू वेगळा काढणे या तीन पायऱ्या आज कायद्याच्या भाषेत वेगवेगळ्या मांडल्या जातात. वाइंडिंगवाला त्या तिन्ही एकाच ओट्यावर करत होता, तेही गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर. घरातही तीच वृत्ती होती. ‘राहू दे, कामले यी’ म्हणत माळ्यावर ठेवलेली वस्तू अहिराणी घरात सहसा भंगारात जात नसे.

याच हातांनी पुढे रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि टीव्ही उघडले. १९८२च्या आशियाई खेळांपासून देशात रंगीत दूरदर्शन आले, पाठोपाठ छोट्या शहरांसाठी प्रक्षेपण केंद्रे वाढली आणि टीव्ही मेकॅनिक हा गावातला मानाचा कारागीर झाला. बंद पडलेल्या संचातला ट्रान्सफॉर्मर, स्पीकर, ट्यूनर काढून दुसऱ्यात बसवणे हे त्याचे रोजचेच काम होते.

संगणक मात्र वेगळ्या वाटेने आला. जळगावला १९९० साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा संगणक काचेच्या खोलीत चप्पल बाहेर काढून पाहायची चीज होती. खरा फरक २००१नंतर पडला. त्या वर्षी महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झाले, एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि सरकारी नोकरीसाठी त्याचे प्रमाणपत्र मागितले जाऊ लागले. बघता बघता बसस्टँडजवळच्या गाळ्यांत संगणक क्लास निघाले. तिथली बरीच यंत्रे असेंबल केलेली असत. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून येत. अनेक क्लासचालकांनी मोठ्या शहरांतल्या कंपन्यांनी काढून टाकलेले जुने संच घेऊन सुरुवात केली. म्हणजे खान्देशातल्या एका पिढीने माउस पहिल्यांदा हातात धरला तो पुष्कळदा दुसऱ्याने वापरून सोडलेल्या यंत्राचा. जुन्या संगणकाने किती माणसे शिकवली याचा हिशेब कोणत्याच अहवालात येत नाही आणि मला ती मोठी उणीव वाटते.

त्यात भारनियमन. आठ-आठ, बारा-बारा तास वीज नाही म्हटल्यावर प्रत्येक क्लासला यूपीएस आणि बॅटऱ्या लागल्या. बॅटरीतल्या शिशाला भाव असल्याने जुनी बॅटरी देऊन नवी घेण्याची सवय आधीपासूनच होती. बॅटऱ्यांसाठी स्वतंत्र नियमही २००१ सालीच झाले. संगणकाच्या डब्याला तसा भाव नव्हता आणि तसा नियमही नव्हता.

शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. तेव्हापासून रेशन, शिष्यवृत्ती, पीकविमा, अनुदान सगळेच पडद्यावर गेले. ग्रामपंचायतींत संगणक आले, सेवा केंद्रांत प्रिंटर आणि अंगठ्याची यंत्रे आली. धुळे जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळा लोकवर्गणीतून डिजिटल झाल्या. गावकऱ्यांनी पैसे काढून प्रोजेक्टर आणि टीव्ही घेतले. हे सगळे सामान कधीतरी जुने होणारच होते.

आपल्याकडे ते जरा लवकरच जुने होते. मदरबोर्डावर, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डावर, आणि एसएमपीएसमध्ये, म्हणजे त्याला वीज पुरवणाऱ्या डबीत, वीज साठवणारे जे नळीच्या आकाराचे इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर असतात, त्यांच्या आत द्रव असतो. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा अभियांत्रिकीतला ठोकताळा आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसच्या घरात जातो आणि पत्र्याच्या छताखालच्या खोलीत डब्याच्या आतली उष्णता आणखी वाढते. त्यात २०००नंतरच्या काही वर्षांत जगभर सदोष कॅपॅसिटरांचा माल पसरला होता. ‘कॅपॅसिटर फुगला’ हे वाक्य त्यामुळे इथल्या प्रत्येक दुरुस्तीवाल्याच्या तोंडी बसले. दोन-चार कॅपॅसिटर बदलले की बोर्ड जिवंत होई. ज्याला ते जमत नसे तो ‘बोर्ड डेड आहे, नवा घ्या’ म्हणे. भंगारात गेलेल्या कितीतरी संगणकांचा खरा बिघाड काही रुपयांचाच होता.

जगात या काळात काय चालले होते तेही पाहायला हवे. घातक कचरा श्रीमंत देशांतून गरीब देशांत ढकलला जाऊ नये म्हणून १९८९ साली बाझल करार झाला, तो १९९२ पासून अमलात आला आणि भारताने त्याच वर्षी तो स्वीकारला. तरी ‘वापरण्याजोगे’ किंवा ‘दान’ अशी नावे देऊन जुने संगणक येत राहिले. २००२ साली चीनमधल्या ग्वीयू गावाची छायाचित्रे जगाने पाहिली. तारा जाळणारी माणसे, आम्लाच्या टाक्या, काळी पडलेली नदी. आपल्याकडे अशाच कामासाठी दिल्लीच्या सीलमपूर आणि उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादची नावे पुढे आली. बोर्ड कुठूनही निघाला तरी बऱ्याचदा तिकडेच पोहोचत असे. खान्देश मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन्ही मोठ्या रस्त्यांवर आहे. भंगाराच्या ट्रकला इथून कोणतीच दिशा अवघड नाही.

ई-कचरा, म्हणजे टाकून दिलेली विजेची आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे. त्याचा देशातला पहिला स्वतंत्र नियम २०११ साली निघाला आणि १ मे २०१२ पासून लागू झाला. वस्तू विकणाऱ्या कंपनीने तिच्या शेवटाचीही जबाबदारी घ्यावी, हे तत्त्व त्यात आले. २०१६ साली नियम बदलले. २०२२ साली पुन्हा नवे आले, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांत १०६ प्रकारच्या वस्तू आहेत आणि उत्पादकांना टप्प्याटप्प्याने ६०, ७०, ८० टक्के पुनर्चक्रणाचे उद्दिष्ट दिले आहे. जुनी वस्तू दुरुस्त करून पुन्हा विकणाऱ्यांची नोंदणीही त्यात आहे, ही चांगली गोष्ट.

पण हे जाळे आपल्या तालुक्याला लावून पाहिले की मोठी भोके दिसतात. नियमांतला ‘मोठा ग्राहक’ कोण, तर वर्षात किमान एक हजार उपकरणे वापरणारी संस्था. गावातली शाळा, पतसंस्था, सेवा केंद्र त्यात येतच नाही. सूक्ष्म उद्योगांना नियमांतून वगळले आहे, म्हणजे जवळपास प्रत्येक दुरुस्तीचे दुकान कायद्याच्या बाहेर. त्याच्यावर बंधन नाही हे खरे, पण त्याच्या कामाची मोजदादही नाही. त्याने वाचवलेला लॅपटॉप कोणाच्याच उद्दिष्टात धरला जात नाही. उद्दिष्ट पूर्ण केल्याचे दाखवणारी पुनर्चक्रणाची प्रमाणपत्रे मिळतात ती सोने, तांबे, लोखंड आणि ॲल्युमिनियम किती निघाले यावर.

धातूच्या बाबतीत मात्र मी दुरुस्तीवाल्यांच्या बाजूने हट्ट धरणार नाही. जळगावच्या सराफ बाजाराला झारेकरी अनोळखी नाहीत. सोनाराच्या दुकानातला केर विकत घेऊन तो धुऊन-गाळून सोन्याचा कण शोधणारी ही माणसे. संगणकाच्या एक टन बोर्डांत दोनशे ग्रॅमच्या आसपास सोने असते. खाणीतल्या एक टन खडकात ते काही ग्रॅमच निघते. तेव्हा तेजाब हाताळता येणाऱ्या माणसाला बोर्डाचा मोह पडणे समजण्यासारखे आहे. पण सोनाराच्या केरात शिसे, कॅडमियम आणि ज्वालारोधक ब्रोमीनयुगे नसतात. बोर्डात असतात. जुन्या मॉनिटरच्या काचेत शिसे किलोच्या हिशेबाने असे. पीव्हीसीची तार तांब्यासाठी उघड्यावर जाळली की डायऑक्सिन तयार होते आणि ते शेजारच्या शेतात, गोठ्यात, दुधात उतरते. त्यामुळे खोलणे, तपासणे, भाग बदलणे हे काम खान्देशात राहावे आणि धातू गाळणे नोंदणीकृत कारखान्यातच व्हावे, अशी रेघ मारावी लागेल.

ही रेघ मारायची वेळ आत्ताच आली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या संगणकप्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या सुरक्षा-सुधारणांचा नेहमीचा आधार संपला. धडधाकट पण विंडोज ११ न चालणारे असंख्य संगणक एकाच वेळी ‘जुने’ ठरले. त्यांतल्या बहुतेकांना एसएसडी म्हणजे वेगवान साठवण, थोडी रॅम म्हणजे स्मृती आणि लिनक्स ही मोफत प्रणाली घातली तर शाळेचे, वाचनालयाचे काम आरामात निघते. अडचण असते ती कागदाची. शाळेतला संगणक डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, चढलेला असतो. निर्लेखनाचा, म्हणजे त्या नोंदीतून वस्तू काढून टाकण्याचा, प्रस्ताव वर जातो, त्याला मंजुरी मिळेपर्यंत संच कपाटात धूळ खातो आणि शेवटी लिलावात वजनावर जातो. निर्लेखनाआधी एकदा दुरुस्तीयोग्यता तपासावी, ती तालुक्याच्या आयटीआयकडून तपासून घ्यावी, एवढी एक ओळ आदेशात आली तरी पुष्कळ यंत्रे वाचतील.

यापुढची लाट संगणकाची नाही. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून उभा आहे, आणि धुळे-नंदुरबारच्या शेतांत सौर पंप वाढत आहेत. पॅनेलचे आयुष्य साधारण पंचवीस वर्षांचे धरतात, पण वादळात, गारपिटीत फुटलेले त्याआधीच निघतात. २०२२च्या नियमांत सौर पॅनेलही आहे. २०३४-३५पर्यंतचा त्याचा कचरा साठवून ठेवायची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. शेतातले एखादे फुटके पॅनेल त्या साठ्यापर्यंत कोणी न्यायचे, हे मात्र गावात कोणी सांगितलेले नाही. सध्या ते भंगारवाल्याच्या हातगाडीवरच जाते. तो ॲल्युमिनियमची चौकट काढून घेतो आणि काच बांधावर टाकतो.