मॅक्युलर होल, डोळ्यातला वायू आणि कसारा घाट

साठी उलटलेल्या माणसाला कमी दिसायला लागलं की घरात पहिला शब्द निघतो तो मोतीबिंदू. बहुतेकदा तो खराही असतो. पण मोतीबिंदूत सगळंच चित्र धुरकट होतं. मधलाच तुकडा गायब होत नाही, सरळ रेघ वाकडी होत नाही. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर उभं राहून एसटीची पाटी वाचताना ‘त्र्यंबकेश्वर’मधली मधलीच अक्षरं आक्रसलेली दिसतात, समोरच्याचे कान दिसतात पण नाक नीट दिसत नाही, दाराची चौकट मध्येच आत ओढल्यासारखी वाटते. असं होत असेल तर दोष भिंगात नसून डोळ्याच्या मागच्या पडद्यात (रेटिनात) असण्याची शक्यता जास्त. तिथे ‘पिकू दे, मग काढू’ म्हणत वर्ष घालवलं तर नजरेचं नुकसान होतं.

पडद्याच्या मध्यभागी साधारण साडेपाच मिलिमीटरचा जो भाग असतो तो मॅक्युला, आणि त्याच्या केंद्रातला दीड मिलिमीटरचा खळगा म्हणजे फोव्हिया. वाचन, सुईत दोरा ओवणं, चेहरा ओळखणं, सगळी बारीक नजर एवढ्याशा जागेवर चालते. डोळ्याच्या पोकळीत सुमारे ४ मिलिलिटर पारदर्शक जेल असतं, त्याला व्हिट्रियस म्हणतात. वयानुसार ते पातळ होतं आणि पडद्यापासून सुटतं. बहुतेकांना तेव्हा नजरेसमोर काळे ठिपके तरंगताना दिसतात, एवढंच. काहींच्या डोळ्यात मात्र ते बाकी सगळीकडे सुटतं आणि फोव्हियाला चिकटून राहतं. मग डोळा हलला की तिथे ओढ बसते, खळग्याचा तळ उचलला जातो आणि शेवटी फाटतो. हेच मॅक्युलर होल.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. छिद्र पडलं म्हणजे तिथल्या पेशी नष्ट झाल्या असं नाही. त्यातल्या बऱ्याचशा कडेला सरकलेल्या असतात. म्हणूनच रेघा मध्याकडे चिमटल्यासारख्या दिसतात, आणि म्हणूनच कडा वेळेत जवळ आणल्या तर नजर बरीचशी परत येते. महिनोन्महिने तसंच राहिलं तर त्या पेशी खरोखरच निकामी होत जातात. सहा महिन्यांच्या आतलं छिद्र आणि दोन वर्षांचं छिद्र, दोन्ही शस्त्रक्रियेने बुजू शकतात. नजरेचा फायदा मात्र सारखा नसतो.

हा आजार साठी-सत्तरीत आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त दिसतो. टीव्ही, मोबाइल किंवा रात्रीचं वाचन याने तो होत नाही, तेव्हा आजीला त्यावरून बोलणी बसू नयेत. मोठा मायनस नंबर आणि डोळ्यावर बसलेला मार ही मात्र खरी कारणं आहेत. क्रिकेटच्या चेंडूने तरुण वयातही छिद्र पडतं. एका डोळ्याला झालं असेल तर पुढच्या पाच वर्षांत दुसऱ्यालाही होण्याची शक्यता साधारण १० ते १५ टक्के.

उशीर का होतो? दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा सगळं झाकून नेतो. म्हणून परीक्षा एकेका डोळ्याची करायची. गणिताच्या चौकटीच्या वहीच्या पानावर ठळक काळ्या पेनने १० सेंटिमीटर बाजूचा चौरस आखा, आत अर्ध्या सेंटिमीटरच्या चौकटी आणि मधोमध ठळक ठिपका. वाचायचा चष्मा लावून, चांगल्या उजेडात, कागद ३० सेंटिमीटरवर धरा. एक डोळा तळहाताने झाका, बुबुळ दाबू नका, आणि नजर ठिपक्यावर ठेवा. ठिपका दिसत नाही, आसपासच्या रेघा वाकतात किंवा चौकटी लहानमोठ्या दिसतात? मग पडद्याच्या डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात जावं. काळ्या ठिपक्यांचा अचानक पाऊस, विजेसारखे लखलखाट किंवा कडेने पडदा सरकल्यासारखी सावली असेल तर त्याच दिवशी. तेव्हा डोळ्यामागचा पडदाच सुटण्याचा धोका असतो, आणि तो वेगळा, अधिक तातडीचा आजार आहे.

निदान ओसीटी स्कॅनने होतं. सुई नाही, दुखत नाही, काही मिनिटांत पडद्याचा उभा छेद दिसतो आणि छिद्राची रुंदी मायक्रॉनमध्ये मोजता येते. २५० मायक्रॉनपर्यंतचं लहान, ४०० पर्यंतचं मध्यम, त्यावरचं मोठं. रिपोर्टवर ‘व्हीएमटी’ असेल तर नुसती ओढ आहे, अजून आरपार छिद्र नाही. अशी ओढ कधीकधी आपोआप सुटते, म्हणून डॉक्टर काही आठवडे थांबून पुन्हा स्कॅन करायला सांगतात. ‘लॅमेलर’ म्हणजे अर्धवट जाडीचं. ‘फुल थिकनेस’ लिहिलं असेल तर शस्त्रक्रियेचं बोलावं. थेंब, गोळ्या किंवा चष्म्याचा नंबर बदलून ते बुजत नाही.

१९९१ पर्यंत यावर उपायच नव्हता. त्या वर्षी केली आणि वेंडेल या अमेरिकी डॉक्टरांनी ५२ डोळ्यांवर व्हिट्रेक्टॉमी, म्हणजे डोळ्यातलं जेल काढण्याची शस्त्रक्रिया, केल्याचं प्रसिद्ध केलं. ५८ टक्के छिद्रं बुजली होती. आज मोठी नसलेली छिद्रं दहापैकी नऊहून अधिक वेळा बुजतात. डोळ्याभोवती भुलीचं इंजेक्शन देऊन पांढऱ्या भागात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची तीन भोकं पाडतात, जेल कापून काढतात, निळ्या रंगाने पडद्यावरचं अगदी पातळ, दोन-तीन मायक्रॉनचं आवरण रंगवून चिमट्याने सोलतात. ते सोललं की पडदा सैल पडतो आणि कडा जवळ येऊ शकतात. शेवटी पोकळीत वायू भरतात. एसएफ-६ साधारण दोन आठवडे टिकतो, सी३एफ८ सहा ते आठ आठवडे. शुद्ध स्वरूपात हे वायू डोळ्यात फुगतात, पहिला दुप्पट आणि दुसरा चौपट. म्हणून ते हवेत मोजून मिसळतात, अनुक्रमे सुमारे २० आणि १४ टक्के.

बुडबुडा वर तरंगतो, आणि छिद्र डोळ्याच्या मागच्या भिंतीवर असतं. मान खाली घातली की तो छिद्रावर नीट टेकतो आणि ती जागा कोरडी राहते. लहान छिद्राला काही डॉक्टर फक्त उताणं झोपू नका एवढंच सांगतात. मोठ्याला तीन ते सात दिवस तोंड खाली. साधारण तासातली पन्नास मिनिटं तशी बसायची, दहा मिनिटं जेवण, औषध, शौचासाठी. तयारी शस्त्रक्रियेच्या आधीच करावी. टेबलाच्या कडेला दोन उशा, मध्ये चेहऱ्यासाठी मोकळी जागा, कोपराखाली घडी घातलेला टॉवेल. टॉवेल नसेल तर कोपरातली नस दबून करंगळीला मुंग्या येतात. पाऊलं हलवत राहावीत, मान खाली ठेवूनच घरात चालावं, नाहीतर पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती. मणक्याचा त्रास असलेल्यांनी तो आधीच सांगावा.

आता नाशिककरांचा खास प्रश्न. अनेक जण शस्त्रक्रिया मुंबईत करून घेतात आणि दोन-तीन दिवसांत घरी निघतात. नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटर उंच आहे, आणि चढणीचा मोठा हिस्सा कसारा ते इगतपुरी एवढ्यातच येतो. ६०० मीटरवर हवेचा दाब सुमारे ७ टक्क्यांनी कमी होतो. डोळ्यात ४ मिलिलिटर वायू असेल तर तो साधारण ०.३ मिलिलिटर जास्त जागा मागतो. मधुमेहींना डोळ्यात देतात त्या इंजेक्शनचं औषध ०.०५ मिलिलिटर असतं, आणि तेवढ्यानेही डोळ्याचा दाब क्षणभर चांगलाच वर जातो. इथे त्याच्या सहापट. चढ सावकाश असेल तर डोळ्यातलं पाणी बाहेर झिरपून थोडी जागा होते, पण काचबिंदू असलेल्या डोळ्याला ते जमत नाही. रेल्वेने जा नाहीतर गाडीने, उंची तीच.

तेव्हा शस्त्रक्रियेची तारीख घेतानाच ‘आम्ही घाटावर राहतो’ हे सांगावं. डॉक्टर कमी टिकणारा वायू निवडतील, मुंबईत मुक्काम वाढवायला सांगतील किंवा नाशिकमध्येच करून घ्या म्हणतील. ज्यांना थांबताच येत नाही त्यांच्यासाठी सिलिकॉन तेलाचा पर्याय आहे. ते उंचीने फुगत नाही, पण काढायला दुसरी शस्त्रक्रिया लागते. नाशिकमध्येच शस्त्रक्रिया झालेल्यांना पुण्याचा प्रश्न लहान, कारण पुणे जवळपास याच उंचीवर आहे; वाटेतला चंदनापुरी घाट तरी विचारून घ्यावा. वणीचा गड मात्र हजार मीटरच्या वर, तेव्हा वायू असेपर्यंत यात्रा नाही. ओझरहून विमानही नाही: विमानाच्या आत दाब २,००० मीटरच्या आसपासच्या उंचीइतका असतो. नाशिकहून मुंबईकडे घाट उतरताना बुडबुडा आकसतो, सहसा त्रास होत नाही. पण तिथे राहून डोळा पाण्याने पुन्हा भरला की परतीची चढण नव्याने मोजावी लागते. चढताना डोळा ठणकला, मळमळलं, दिसणं काळवंडलं तर पुढे न जाता खाली उतरावं आणि लगेच शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना फोन करावा.

‘डोळ्यात वायू आहे’ हे सांगणारी, दवाखान्याने मनगटावर बांधलेली पट्टी वायू संपेपर्यंत काढू नये. दाताच्या किंवा हाडाच्या कामासाठी नायट्रस ऑक्साइडची भूल दिली तर तो वायू रक्तातून बुडबुड्यात शिरतो, आणि नजर कायमची जाऊ शकते.

पहिले दिवस त्या डोळ्याला उजेड आणि हाताची हालचाल एवढंच कळतं. मग वरचा भाग मोकळा होतो आणि गवंड्याच्या लेव्हलसारखी हलती आडवी रेघ दिसते. ती रोज खाली सरकते. शेवटी तळाशी एक गोळा उरतो आणि विरतो. याउलट दुखणं आणि लाली वाढत गेली, दिसत होतं तेही कमी झालं, तर जंतुसंसर्गाची शंका घेऊन तासाभरातच निघावं.

या शस्त्रक्रियेनंतर पन्नाशीपुढच्या बहुतेकांना दोनेक वर्षांत त्या डोळ्यात मोतीबिंदू होतो, म्हणून अनेक डॉक्टर दोन्ही शस्त्रक्रिया एकाच वेळी करतात. अक्षरं सुधारायला सहा महिने ते वर्ष लागतं आणि थोडा वाकडेपणा राहू शकतो. नवा चष्मा वायू पूर्ण जाऊन नंबर स्थिर झाल्यावरच करावा. त्याआधी केलेला बहुधा बदलावाच लागतो.