‘३+’ म्हणजे तीन वर्षांच्या मुलांसाठी नव्हे

संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये बायकांच्या डब्यात कुणाच्या ना कुणाच्या मोबाइलवर रंगीत गोळ्या फुटत असतात. तोच मोबाइल घरी पोचला, की आई कुकर लावेपर्यंत पाच वर्षांच्या पोराच्या हातात जातो आणि त्याच गोळ्या पुन्हा फुटू लागतात. मग हा खेळ कुणासाठी बनवलाय? पोर खेळतंय म्हणून तो मुलांचा ठरत नाही आणि मोबाइल आईचा आहे म्हणून मोठ्यांचाही ठरत नाही. पण उत्तर शोधावं तर लागतंच, कारण खेळात कोणत्या जाहिराती दाखवायच्या आणि फोनमधली कोणती माहिती बाहेर पाठवायची, हे त्यावर अवलंबून असतं.

पहिली गफलत होते ती प्ले स्टोअरवरचं ‘३+’ वाचताना. हे रेटिंग आतल्या मजकुराचं असतं. मारामारी, शिवीगाळ, जुगार, नको ती दृश्यं यातलं काही नाही, एवढंच ते सांगतं. साध्या कॅल्क्युलेटरलाही ‘३+’ मिळतं, म्हणून तो काही बालवाडीचा होत नाही. खेळ कुणासाठी आहे हे बनवणाऱ्याला वेगळं जाहीर करावं लागतं. गुगल प्लेवर त्यासाठी सहा वयोगट आहेत: ५ आणि त्याखालचे, ६ ते ८, ९ ते १२, १३ ते १५, १६ ते १७, आणि १८ व त्यापुढचे. इथे ‘सगळेच खेळोत बापडे’ म्हणून सहाही खुणा करणारे पुढे अडचणीत येतात, कारण १२ पर्यंतचा एक जरी गट निवडला तरी मुलांच्या खेळांचे सगळे नियम लागू होतात.

निवाडा करायचा कसा, याची जुनी आणि कामाची चौकट अमेरिकेच्या ‘कोपा’ कायद्यात, म्हणजे मुलांची ऑनलाइन माहिती जपणाऱ्या कायद्यात आहे. कायदा १९९८चा, अंमल २००० पासून, आणि तिथे मूल म्हणजे १३ वर्षांखालचं. विषय, चित्रं, कार्टून पात्रं, संगीत, भाषा, बक्षिसांचं स्वरूप, मुलांमध्ये लोकप्रिय चेहरे, जाहिराती कुठे केल्या, प्रत्यक्षात कोण खेळतं, हे सगळं एकत्र तोलायचं असतं. एकट्या मुद्द्यावर निकाल लागत नाही.

तोलून पाहण्यासाठी एक काल्पनिक खेळ घेऊ, ‘डबे जुळवा’. पडद्यावर जेवणाच्या डब्यांचा ढीग आहे, खाली सात खाने. डब्यावर बोट टेकलं की तो खान्यात येतो. एका रंगाचे तीन जमले की गायब. तीन जुळण्याआधी सातही खाने भरले की खेळ खलास. आता पहिलं रूप बघा. स्टीलचे डबे, झाकणावर डबेवाल्यांच्या खुणांसारखे आकडे-अक्षरं, दोन मिनिटांचं घड्याळ आणि फेरी संपली की ‘उद्या चर्चगेटची लाइन’. दुसऱ्या रूपात त्याच डब्यांना डोळे फुटलेत, बोट लावलं की ते खुदकन हसतात, जिंकल्यावर लाडवाचं स्टिकर मिळतं आणि एक आवाज ‘शाब्बास सोनू!’ म्हणतो. कोडं तेच, प्रोग्रामही जवळपास तोच. मात्र दुसऱ्या रूपाचं पारडं मुलांकडे झुकलं. तीन एकसारखे जुळवण्यातली मजा पाच वर्षांच्यालाही कळते आणि पन्नाशीच्यालाही, त्यामुळे कोड्याच्या जातीवरून वय ओळखायला जाणं मला तरी व्यर्थ वाटतं.

तरीही नुसत्या डोळ्यांवर जाऊ नये. मोठी माणसंही गोंडस मांजरांवर जीव टाकतात. २०२० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ‘कोपा’ राबवणाऱ्या सरकारी संस्थेने, तो मोडल्याबद्दल हायपरबिअर्ड या खेळ बनवणाऱ्या कंपनीवर कारवाई केली, तेव्हा तिच्या खेळांतली भडक रंगांची मांजरं-ससे हा पुराव्याचा एक भाग होता. शिवाय खेळांची जाहिरात मुलांच्या करमणुकीच्या संकेतस्थळावर झाली होती, त्याच पात्रांची मुलांची पुस्तकं आणि मऊ खेळणी निघाली होती. दंड ४० लाख डॉलरचा ठरला. ऐपत नसल्याने दीड लाख भरल्यावर बाकीचा स्थगित झाला. म्हणजे खेळ तपासताना खेळाच्या बाहेरही बघायचं: स्टोअरवरची चित्रं, वर्णनातली ‘छोट्या दोस्तांनो’सारखी हाक, जाहिरातीत दाखवलेला खेळाडू.

मराठी खेळात आणखी एक चांगली खूण सापडते, ती वाचनाची. जोडाक्षरं पक्की व्हायला पहिली-दुसरी उजाडते. पहिल्या फेरीच्या आधीच ‘सर्वोच्च गुणसंख्येसाठी निर्धारित वेळेत पूर्ण करा’ असं लिहून आलं, तर ते बालवाडीतल्या पोरासाठी नाही, हे उघड आहे. याउलट सूचना बोलून दाखवलेल्या, बटणं मोठी, ओढण्याऐवजी नुसतं टिचकी मारणं, हरल्यावर शिक्षा नाही, असं सगळं असेल तर रोख सहा वर्षांच्या आतबाहेर आहे. दोन-तीन चाली पुढचा विचार करायला लावणारी कोडी वय वाढतं तशी सोपी होत जातात, पण तेवढ्यावर भरवसा ठेवू नका. अवघड फेऱ्या पैशांच्या विक्रीसाठीही बनवलेल्या असतात.

‘आमचे आकडे सांगतात की खेळाडू २५ ते ३४ वयाचे आहेत’ हा बचाव नेहमी ऐकू येतो. आकडे बहुतेक वेळा फोनच्या खात्याचं वय सांगतात, आणि खातं आईचं असतं. मे महिन्याच्या सुट्टीत दुपारचा वापर अचानक चढतो का, जाहिरातींवर बोट लागतं पण पुढे कुणी काही घेत नाही, असं होतं का, तीच सोपी फेरी वीसवीसदा खेळली जाते का, हे बघितलं तर खरा खेळाडू दिसू लागतो. यातून खात्री होत नाही, संशय मात्र रास्त ठरतो.

खेळ मोठ्यांचा आणि मुलांचाही असेल, तर वय विचारायचं. तेही सरळ: जन्मवर्ष निवडा, बस. आधीच २००० वर अडकवलेली चक्री किंवा ‘१३ पूर्ण असतील तरच पुढे जा’ असं वाक्य म्हणजे मुलाला उत्तर सुचवणं. एकदा २०१८ सांगून मागे आल्यावर १९९० निवडता येत असेल, तर तो अडसर नावापुरताच. आणि खेळ मुख्यतः मुलांचाच असेल, तर वय विचारून त्यांना बाहेर काढायची पळवाट ‘कोपा’त नाही, प्रत्येक खेळाडूला मूल मानूनच वागावं लागतं.

अंधेरीत बसून खेळ बनवणाऱ्याने घरचाही कायदा बघावा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार मूल म्हणजे १८ वर्षांखालचं. पडताळता येईल अशी पालकांची संमती लागते. मुलांच्या वागण्यावर पाळत आणि त्यांना हेरून केलेल्या जाहिराती, दोन्हींना मनाई आहे. मुलांबद्दलचे हे नियम मोडले तर दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी रुपये. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, मुख्य तरतुदींना त्यानंतर १८ महिन्यांची मुदत आहे. दहावीतला मुलगा ‘कोपा’च्या लेखी मोठा असला, तरी इथे तो लहानच.

सगळं नीट ठरवूनही घोळ होतो तो एसडीकेमुळे, म्हणजे जाहिरात कंपनीकडून आयता घेऊन खेळात जोडलेल्या प्रोग्राममुळे. यातले काही, खेळ उघडताच, जन्मवर्षाचा पडदा यायच्या आधीच चालू होतात आणि फोनचा जाहिरात-क्रमांक, म्हणजे जाहिरातींसाठी फोन ओळखायचा क्रमांक, पाठवून मोकळे होतात. नंतर २०१८ निवडलं काय, न निवडलं काय, सारखंच. म्हणून खेळ पूर्ण काढून पुन्हा टाकायचा, फोनची इंटरनेटवरची ये-जा संगणकावरच्या प्रॉक्सीतून, म्हणजे मध्ये बसून ती दाखवणाऱ्या प्रोग्राममधून, न्यायची आणि वयाच्या पडद्यावर बोटही न लावता पहिली ३० सेकंद काय काय बाहेर जातं ते बघायचं. अँड्रॉइड १३ पासून जाहिरात-क्रमांकासाठी ‘एडी आयडी’ ही वेगळी परवानगी लागते. ती तुम्ही लिहिली नसली तरी एसडीके गुपचूप घालू शकतो, त्यामुळे तयार झालेल्या अंतिम मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे खेळाला लागणाऱ्या परवानग्यांची यादी असलेल्या फाइलमध्ये, ती शोधायची आणि मुलांच्या खेळातून काढून टाकायची. तुम्ही लिहिलेल्या मूळ मॅनिफेस्टमध्ये ती दिसणारच नाही.