इमारत ताजमहालच हवी का?

"आयईएलटीएसच्या (परदेशी शिकायला-राहायला जाण्यासाठीची इंग्रजीची परीक्षा) तोंडी परीक्षेत इमारतीचं वर्णन आलं तर ताजमहालच सांगा, गावाकडच्या इमारतीला गुण नाहीत" असा मेसेज बेळगाव, खानापूर, निपाणीकडे फिरत असतो. तसं मुळीच नाही. गुण चार गोष्टींना, सारख्याच वजनाने मिळतात: बोलण्याचा ओघ व सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण, उच्चार. हे निकष परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळावर फुकट आहेत, स्वतः वाचून बघा. इमारतीच्या प्रसिद्धीबद्दल त्यात ओळही नाही.

अशा वर्णनासाठी तयारीला १ मिनिट, बोलायला १ ते २ मिनिटं. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे तिथलं जुनं जैन मंदिर, घ्या ना! १२०४ सालची, दगडी, आणि मान वर केली की छतातून खाली उमललेलं कोरीव कमळ. पाहिलेल्या वास्तूवर बोलताना शब्द अडत नाहीत, परीक्षकाच्या पुढच्या प्रश्नालाही उत्तर सुचतं. पाठ केलेला ताजमहाल तिथेच अडकतो.